शेवटची दहा उदाहरणं

जळगावहून पत्र आलं तेव्हा हेमराज सर चहात बिस्किट बुडवत होते. प्राचार्य पंडित सरांनी ते पत्र सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल असं वाचलं. गणिताच्या शिक्षकांची वार्षिक कार्यशाळा, अकरावी विज्ञान, विषय संमिश्र संख्या, व्याख्यात्या सोनल पावरा. बिस्किट तुटून कपाच्या तळाशी गेलं.

सर हसले. टाळ्याही त्यांनीच आधी वाजवल्या. माणसाच्या पोटात दुखत असलं की तो टाळ्या जरा जास्तच जोरात वाजवतो. कारण हे व्याख्यान गेली अकरा वर्षं हेमराज सर देत आले होते. धुळ्याला, देवपूरच्या त्या ज्युनिअर कॉलेजात त्यांची बावीस वर्षं झाली होती, आणि संमिश्र संख्या म्हटलं की हेमराज सर हे पार जळगावपर्यंत ठरून गेलेलं होतं. निदान सरांची तशी समजूत होती. वर्षातून एकदा जळगावच्या सभागृहात सत्तर-ऐंशी मास्तर त्यांचं बोलणं वहीत उतरवून घ्यायचे, आणि उरलेलं वर्ष सर त्या एका दिवसावर काढायचे. बायको, पोरं, पगार, सगळं ठीक होतं. पण आपण कुणीतरी आहोत असं त्यांना वाटायचं ते त्या एका दिवशीच. तो दिवस आता त्यांच्याच विद्यार्थिनीने नेला.

होय, विद्यार्थिनीच. सोनल यावलच्या वरची, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची पोर. बाप सुकलाल पावसाच्या भरवशावर ज्वारी पेरायचा आणि उरलेल्या दिवसांत खाली केळीच्या बागांत मजुरीला यायचा. अठरा वर्षांपूर्वी ती देवपूरच्या वसतिगृहात राहून याच कॉलेजात शिकली. हेमराज सरांच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. पुढे एम.एस्सी. झाली, बी.एड. झाली, नंदुरबारकडे नोकरी केली आणि गेल्या जूनमध्ये इथेच येऊन रुजू झाली. पहिल्या दिवशी सगळ्यांदेखत सरांच्या पाया पडली. सरांना तेव्हा फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं दिवाळीपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

कारण सरांचं शिकवणं कसं, तर खुर्चीत बसून, छापील नोट्स हातात धरून. "लिहा. आयचा वर्ग बरोबर उणे एक. लिहिलं? पुढे." पोरं लिहायची, घोकायची, मार्कही आणायची. आणि सोनलचा वर्ग एक दिवस चक्क मैदानावर दिसला. चाळीस पोरंपोरी पूर्वेकडे तोंड करून उभी, आणि ही ओरडतेय, "आयने गुणा!" की सगळी डावीकडे काटकोनात वळतायत. "पुन्हा आयने गुणा!" की सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. "आधी एककडे बघत होतात, आता कुठे बघताय?"

"उणे एककडे!" चाळीस घशांतून आलं.

"मग आयचा वर्ग किती?"

उत्तर पांझरेच्या पुलापर्यंत ऐकू गेलं असेल.

"गणिताचा तास आहे की कवायतीचा?" गॅलरीत उभे असलेले हेमराज सर शेजारच्या पंडित सरांना म्हणाले.

"काही म्हणा," पंडित सर म्हणाले, "मला पण आजच कळलं हो ते." हेमराज सरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच आठवड्यात शीतल नावाची त्यांच्या वर्गातली हुशार मुलगी तुकडी बदलून मागायचा अर्ज घेऊन आली. सोनल मॅडमची तुकडी हवी होती. कारण काय, तर तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'तिथे समजतं म्हणून.' सरांनी सही केली. सही करताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

तेव्हापासून ते सोनलला 'पावरा मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणायला लागले. "सर, मला सोनलच म्हणा ना," ती एकदा म्हणाली. "छे छे, तुम्ही आता मोठ्या झालात," सर इतक्या गोडीने म्हणाले की त्यातलं कडू कुणालाही कळावं. तिला कळलं.

कार्यशाळेसाठी सोनलने शंभर उदाहरणांचा संच तयार केला होता, उत्तरांसकट. तो पुढे धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांना वाटायचा होता. एका शनिवारी तिने त्याची प्रत सरांच्या टेबलावर ठेवली.

"सर, तुमची एकदा नजर फिरली की मी निर्धास्त. आणि शेवटची दहा जरा नीट बघा हं." हे म्हणताना ती गालातल्या गालात हसली. सरांना वाटलं, बघा, आता आपल्यालाच ऐट दाखवते.

रविवारी सकाळी ते लाल पेन घेऊन ओट्यावर बसले. मनात एकच इच्छा, चूक सापडावी. पहिली नव्वद उदाहरणं त्यांनी भिंगाने ढेकूण शोधावा तशी पाहिली. बेरजा, वजाबाक्या, गुणाकार, भागाकार, सगळं चोख. एक अधिक-उण्याचं चिन्हसुद्धा हललेलं नव्हतं. सरांचा चहा गार झाला आणि डोकं तापलं.

मग ती शेवटची दहा आली, आणि सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ती उदाहरणं इतकी छान होती. एकात यावलचा एक माणूस केळीच्या बागेत पूर्वेकडे तोंड करून उभा होता, दर वळणाला डावीकडे काटकोनात वळत होता. तेवीस वळणांनंतर त्याचं तोंड कुठे, म्हणजेच i²³ किती? चार वळणांत माणूस मूळ दिशेला येतो, वीस वळणं फुकट गेली, उरली तीन; तोंड दक्षिणेला, उत्तर −i. कोणाही खेड्यातल्या पोराला बागेत उभं राहून सोडवता यावं. दुसऱ्यात बेरीज होती, केळीत केळी मिळवा नि कापसात कापूस, वास्तव भागात वास्तव आणि कल्पितात कल्पित. आणि भागाकार तर काय! (1 + 7i) ला (2 − i) ने भागायचं, तर खाली छेदाला (2 + i) ने गुणावं लागतं. शेजारी लिहिलं होतं, 'छेदाला एकट्याला जेवायला बोलवू नये, अंश रुसतो. चूलबंद आवतण द्यावं, सगळ्या घरादाराला.' म्हणजे वरखाली दोघांनाही त्याच संख्येने गुणावं, पंगत नीट उठते, उत्तर −1 + 3i.

हे आपल्याला का सुचलं नाही? बावीस वर्षांत एकदा तरी का सुचलं नाही? सर स्वतःलाच विचारत होते आणि आतून जळत होते. मधेच त्यांना हे कुठेतरी ऐकल्यासारखंही वाटलं, तेव्हा त्यांनी लगेच ठरवून टाकलं की हिने मोबाइलवरून कुणाचं तरी चोरलं असणार. त्याने थोडं बरं वाटलं.

आणि मग सत्त्याण्णवावं उदाहरण. √−4 × √−9. खाली उत्तर, 6.

सरांनी पुन्हा वाचलं. √−4 म्हणजे 2i, √−9 म्हणजे 3i, गुणाकार 6i², आणि i² म्हणजे उणे एक. उत्तर उणे सहा! बाईंनी दोन्ही उणे एकाच मुळाखाली नेऊन 36 केले होते आणि मूळ काढून मोकळ्या झाल्या होत्या. उणे संख्यांच्या मुळांना तसं करता येत नाही, आधी आय बाहेर काढावा लागतो, हे सर दरवर्षी वर्गात टेबल बडवून सांगत. सर मोठ्याने हसले.

त्यांची बायको कामिनी आतून भाकरीचं पीठ लागलेल्या हाताने बाहेर आली. ती धुळ्याकडचीच, घरात अहिराणीच बोलायची. "काय व्हयनं? एकलाच हसी ऱ्हायनात?"

"सापडली! मोठ्या मॅडमची चूक सापडली."

"मंग सांगी द्या ना तिले."

"सांगतो ना. जळगावला सांगतो. सगळ्यांसमोर."

कामिनीने हाताचं पीठ झटकलं. "तुम्हीच शिकाडेल शे ना तिले? मंग इतला कसाले जळतस तिनावर?" सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. संचावर एकही खूण केली नाही.

सोमवारी त्यांनी प्रत परत दिली. "छान आहे."

"शेवटची दहा बघितलीत, सर?" सोनलचे डोळे लकाकत होते.

"बघितली. छान आहेत."

ती अजून काही ऐकायला थांबली होती. सर वर्तमानपत्र वाचायला लागले, तेव्हा ती हिरमुसून गेली.

कार्यशाळेच्या दिवशी दोघं एकाच एसटीने निघाले. सोनलने खिडकीची जागा सरांना दिली, घरून आणलेल्या दशम्या पुढे केल्या. सरांनी उपास सांगितला. वार मंगळवार होता आणि सरांनी आयुष्यात मंगळवार धरला नव्हता. पारोळ्याच्या पुढे ती म्हणाली, "सर, व्याख्यानाच्या शेवटी मला एक सांगायचंय. आत्ता नाही सांगत, तिथेच ऐका." आणि मांडीवरच्या कापडी पिशवीवर तिने हात फिरवला. 'सांग, सांग,' सर मनात म्हणाले. 'त्याच्या आधी मला पण एक सांगायचंय.' इतके मनात मांडे त्यांनी लग्न ठरलं तेव्हाही खाल्ले नव्हते.

सभागृह भरलेलं होतं. सोनल दीड तास बोलली, आणि मास्तर मंडळींनी, जी एरवी व्याख्यानात पेंगते, एकदाही घड्याळ पाहिलं नाही. सरांना प्रत्येक हशा चिमटा काढल्यासारखा लागत होता. ती शेवटाकडे आली, टेबलावरच्या फायलीतलं शेवटचं पान हातात घेतलं, आणि त्याच वेळी हेमराज सर उभे राहिले.

"एक शंका आहे, मॅडम. सत्त्याण्णवावं जरा फळ्यावर करून दाखवता का?"

"हो सर," असं म्हणून ती हसत फळ्याकडे वळली. √−4 × √−9 लिहिलं. पुढे 2i × 3i लिहिलं, 6i² लिहिलं, आणि हात थांबला. तिने टेबलावरच्या संचाकडे पाहिलं. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

"काय येतं उत्तर?" सर म्हणाले. "छापलंय सहा. येतं उणे सहा. दोन उण्यांची मुळं अशी एका गोणीत भरायची नसतात, मॅडम. आमच्या वर्गातलं कच्चं पोरगंसुद्धा ही चूक करत नाही!"

लोक हसले. सोनलने खाली वाकून पिशवीतून एक जुनी, तपकिरी पुठ्ठ्याची वही काढली, एक पान उघडलं, आणि त्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिली. पळवाट शोधतेय, सरांना वाटलं. मग तिने वही मिटली, पिशवीत ठेवली. हातातलं पान फायलीत घातलं.

"चूक माझीच आहे," ती म्हणाली. "पहिली नव्वद मी तीन-तीनदा तपासली. शेवटची दहा तपासली नाहीत. तपासायला हवी होती."

"का नाही तपासली?" सरांना राहवलं नाही.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "विश्वास होता," एवढंच म्हणाली आणि खाली येऊन शेवटच्या रांगेत बसली. जे सांगायचं होतं ते राहिलंच.

गणित शिक्षकांच्या संघटनेचे अध्यक्ष बन्सीलाल सर उठले. "चूक होते, त्यात काय. पण शेवटी अनुभव तो अनुभव. दुपारचं सत्र हेमराज सरांनीच घ्यावं, आणि हा संचही त्यांनीच पाहून द्यावा." टाळ्या पडल्या. सोनलची फाइल हेमराज सरांच्या हातात आली.

जेवणात भरीत-पुरी होती. सकाळचा उपास सरांनी दुपारी मनसोक्त सोडला. दहा जणांनी येऊन पाठ थोपटली. सोनल खिडकीशी ताट घेऊन उभी होती. सरांनी तिकडे पाठ केली, म्हणजे भरीत जास्त चवदार लागतं.

दोन वाजता ते टेबलापाशी उभे राहिले, माइक ठाकठीक केला आणि फाइल उघडली. वरच ते शेवटचं पान होतं, सोनलच्या हातचं. सरांनी सहज नजर टाकली.

'यातली शेवटची दहा उदाहरणं माझी नाहीत. ती माझ्या सरांची. अठरा वर्षांपूर्वी अकरावीत सरांनी ती फळ्यावर रचली होती, पुस्तकात न बघता, आमच्यासाठी. मी पाड्यावरून आलेली, मला इंग्रजीतलं गणित कळत नव्हतं, मी घरी परत जाणार होते. त्या बागेतल्या माणसामुळे राहिले. ती वही मी अजून जपली आहे. नव्वद उदाहरणं तपासली, ही दहा तपासली नाहीत. सरांची बरोबरची खूण असल्यावर तपासणारी मी कोण? माझे सर आज इथेच बसले आहेत. हेमराज सर, कृपया उभे राहा.'

सरांना एकेक आठवायला लागलं. नोकरीची ती पहिली चार-पाच वर्षं. हातात नोट्स नव्हत्या, तास संपला तरी बोलणं संपायचं नाही, सुचेल ते फळ्यावर लिहायचं आणि पुसून टाकायचं. केळीचा माणूस. चूलबंद आवतण. आणि ते सहा! तीही त्यांचीच चूक. दोन वर्षांनी एका पुस्तकात वाचताना ती त्यांच्या ध्यानात आली होती. पुढच्या पोरांना त्यांनी बरोबर शिकवलं. मागच्या पोरांना कोण सांगायला जाणार, कोणाच्या लक्षात राहतंय, म्हणून गप्प बसले होते. एकीच्या लक्षात राहिलं होतं.

त्यांनी मान वर केली. शेवटच्या रांगेत सोनल अर्धवट उठली होती. पान फायलीतच राहिल्याचं तिच्या आत्ता लक्षात आलं होतं. तिने त्यांच्याकडे बघून हळूच मान हलवली. नको, सर.

सरांनी पानाची घडी केली आणि खिशात घातली. कुणाला काही कळलं नसतं. "तर, संमिश्र संख्या..." ते म्हणाले, आणि पुढचा शब्द येईना. 'चूक माझीच आहे.' सोळा वर्षं जे आपल्या तोंडून निघालं नाही, ते ही पोर भरल्या सभेत, दुसऱ्याच्या चुकीसाठी, एका मिनिटात बोलून गेली होती. यातसुद्धा ती पुढे! सरांना तिचा इतका हेवा यापूर्वी कधीच वाटला नव्हता.

त्यांनी घडी बाहेर काढली. "हे पान सकाळी वाचायचं राहिलं," ते म्हणाले, आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत मोठ्याने वाचलं. 'कृपया उभे राहा' आलं तेव्हा मान वर केली. "मी उभाच आहे," ते म्हणाले. "आणि ते सहा माझं आहे. सकाळी मी ज्या कच्च्या पोराला हसलो ना, तो मीच."

कुणी हसलं नाही. बन्सीलाल सर चष्मा पुसत बसले.

"सोनल," हेमराज सर म्हणाले. "ती वही आण गं इकडे."

ती वही घेऊन आली. सरांनी खिशातलं लाल पेन काढलं, पान शोधलं. सहाच्या शेजारी त्यांच्याच हातची बरोबरची खूण होती, ऐटबाज, शेपूट लांब ओढलेली. ती त्यांनी खोडली. −6 लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. मग वही परत द्यायची तर देववेना.

संध्याकाळच्या एसटीत ती वही त्यांच्या मांडीवर होती, आणि दुसऱ्या मांडीवर कार्यशाळेत फुकट मिळालेलं कोरं पॅड. ते एकेक उदाहरण उतरवून घेत होते. गाडी हिसका मारायची तशा ओळी वाकड्या व्हायच्या. एरंडोल गेलं. सोनलने दशमी पुढे केली. या वेळी त्यांनी घेतली. यावलच्या माणसाच्या चित्राशेजारी समासात सतरा वर्षांच्या मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'सर स्वतः वळून दाखवतात. पूर्व, उत्तर, पश्चिम. डस्टर पडलं तरी थांबत नाहीत.'

सरांनी ते दोनदा वाचलं.

"एवढं चांगलं शिकवायचा का गं तो?" त्यांनी वहीतून मान वर न करता विचारलं.

"हो, सर," सोनल म्हणाली.

हेमराज सरांच्या पोटात पुन्हा तसंच जळलं. या वेळी ते त्या डस्टर पाडणाऱ्या पोरसवदा मास्तरावर जळत होते. त्यांनी पान उलटलं आणि पुढचं उदाहरण उतरवायला घेतलं.